गोळी किती वाजता घेतली?

पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असलेल्या माणसाच्या औषधाच्या चिठ्ठीवरून सकाळ, दुपार आणि रात्र हे तीन शब्द खोडून टाकावेत आणि तिथे तास-मिनिटं लिहावीत, असं मला फार मनापासून वाटतं. रक्तदाबाची गोळी आठला घेतली काय किंवा दहाला, घरात कुणाला फरक जाणवत नाही. या आजारावरच्या मुख्य औषधाचं, लेव्होडोपाचं, तसं नाही. कार्बिडोपा या मदतनीस औषधाच्या जोडीनं घेतलं तरी ते रक्तात आल्यावर साधारण दीड तासात निम्मं उरतं. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या शिल्लक पेशी ते साठवून ठेवतात आणि गरजेप्रमाणे वापरतात, म्हणून तेव्हा एखादी गोळी तासभर उशिरा गेली तरी खपून जातं. पुढं पेशी कमी होतात, साठवण्याची जागा संपत जाते आणि माणसाची हालचाल रक्तातल्या औषधाच्या चढ-उताराबरोबर वर-खाली होऊ लागते. मग साडेअकराची गोळी साडेबाराला घेतली, की एक वाजता जेवायच्या पाटावरून उठता येत नाही. घरचे म्हणतात, ‘आज आजार वाढलाय.’ बहुतेक वेळा आजार कालच्याइतकाच असतो. गोळी उशिरा गेलेली असते.

म्हणून ‘गोळी घेतली का’ या प्रश्नाला या आजारात फारसा अर्थ नाही. विचारायचं ते ‘किती वाजता घेतली, त्याआधी काय खाल्लं होतं, आणि अंग मोकळं व्हायला किती वेळ लागला?’

गोळीपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे लेव्होडोपा आणि कार्बिडोपा एकत्र असलेल्या गोळीचं सिंडोपा हे नाव इतकं रुळलंय की औषधालाच लोक सिंडोपा म्हणतात. तिच्या पट्ट्यांवरचे आकडे मात्र फसवे आहेत. ११० आणि १२५ या दोन्हींत लेव्होडोपा १०० मिलिग्रॅमच असतं, फरक कार्बिडोपाचा. ११०मध्ये ते १० मिलिग्रॅम, १२५मध्ये २५. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन व्हायचं असतं; हालचाल चालवणारं हे रसायन या आजारात कमी पडतं. ते डोपामिन मेंदूत पोहोचण्याआधी, आतड्यात आणि रक्तातच होऊन बसलं तर मळमळ होते आणि मेंदूपर्यंत फार थोडा भाग जातो. ते रूपांतर रोखायचं काम कार्बिडोपा करतं आणि त्यासाठी दिवसाला निदान ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा पोटात जावं लागतं. ११०च्या तीन गोळ्यांत ते ३० होतं, १२५च्या तीन गोळ्यांत ७५. ‘मला हे औषध सोसत नाही, उलटी होते’ म्हणून औषध सोडून दिलेली कितीतरी माणसं खरं तर कमी कार्बिडोपाच्या गोळीवर असतात. दुकानात १२५ नाही म्हणून ११० दिली आणि ‘एकच आहे हो’ असं सांगितलं, तर ते एकच नाही.

दुसरी गफलत सीआरची. १२५ ही साधी गोळी आणि सीआर १२५ ही हळूहळू विरघळणारी गोळी. साधी अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करते. सीआरला दीड-दोन तास लागतात आणि तिच्यातलं औषध साध्या गोळीच्या साधारण ७० टक्केच अंगी लागतं. साध्या गोळीचे तुकडे करता येतात, कुटून पाण्यात कालवून देता येते. सीआर कुटली किंवा चावली की तिची सारी रचनाच मोडते आणि पाच-सहा तासांसाठी असलेलं औषध एकदम अंगावर येतं. सकाळी अंथरुणातून उठवायला सीआर देऊ नये. ती रात्रीची गोळी आहे.

हे औषध जिथून आलं ती वाट आपल्या मातीतून जाते आणि ती मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं, त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं हाती ठोस औषध नव्हतं. इकडे आयुर्वेदात कंपवातासाठी खाजकुइलीच्या बिया वापरात होत्या. त्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढल्याचं मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलं. ते या आजारावर चालेल हे मात्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि सर्पगंधा जगभर गेली. तिच्यातून १९५२ साली रेझर्पिन वेगळं झालं. रेझर्पिन दिलेले ससे कान पाडून निश्चल बसतात, आणि त्यांना डोपा टोचलं की पुन्हा हलू-फिरू लागतात, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली दाखवलं. तिथून डोपामिनचं काम उलगडलं. व्हिएन्नाच्या ओलेह होर्निकेविच यांना १९६० साली पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेलं सापडलं आणि १९६७ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोट्झियास यांनी रुग्णांना डोपा देताना अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून आठवड्यांमागून आठवडे ती वाढवत नेली. आधीच्या लोकांच्या हातून निसटलेलं यश त्यांना या सावकाशीमुळे मिळालं. आजही मात्रा अर्ध्या गोळीपासून वाढवतात ती याच कारणानं.

खाजकुइलीची पूड आजही मिळते आणि अनेक जण डॉक्टरांच्या गोळीबरोबर ती चोरून घेतात. चोरून घेऊ नये, सांगून घ्यावी. त्या पुडीत खरंच लेव्होडोपा असतं. दर वेळी किती असेल ते सांगता येत नाही, आणि सोबत कार्बिडोपा नसतं. गोळीवर ही भर पडली की अंग वळवळणं, भास होणं, उभं राहताच रक्तदाब पडणं यातलं काहीही होऊ शकतं आणि डॉक्टर मात्र कारण शोधत बसतात.

आता स्वयंपाकघराकडे येतो, कारण या आजाराचा निम्मा उपचार तिथे होतो. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. लहान आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला ते जी दारं वापरतं तीच दारं प्रथिनांतली काही अमिनो आम्लंही वापरतात. दोघं एकाच वेळी आली तर गर्दी होते आणि औषध मागं राहतं. म्हणून गोळी जेवणाआधी निदान अर्धा तास, जमल्यास पाऊण तास, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. भरपूर पाण्याबरोबर, पेलाभर. घोटभर पाण्याबरोबर घेतलेली गोळी पोटात रेंगाळते. तिला पुढं ढकलायला पाणी लागतं.

मराठी घराच्या दिवसात ते असं बसतं. सात वाजता गोळी, पावणेआठला चहा आणि पोहे. बाराला गोळी, पाऊण वाजता जेवण. पाचला गोळी, पावणेसहाला चहा. आठला रात्रीचं जेवण आणि साडेनऊला शेवटची गोळी. चहातलं चमचाभर दूध आडवं येत नाही. पेलाभर दूध, वाटीभर मटकीची उसळ, पनीर, अंडी, मासे ही येतात. उपासाच्या दिवशी तर नीट लक्ष द्यावं: साबुदाण्यात प्रथिनं नावापुरतीच, पण खिचडीत मूठभर शेंगदाण्याचा कूट असतो आणि वर दह्याची वाटी. एकादशीला दुपारी पाय उचलत नाहीत याचं उत्तर कधी कधी तेवढंच असतं.

मात्र ‘प्रथिनं वाईट’ असं वाचून डाळ-उसळ बंद करणं हा भलताच उपाय. या आजारात वजन तसंही घटतं, स्नायू झिजतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं हवीतच. वेळ बदलायची, मात्रा नाही. दिवसभर हालचाल लागते तेव्हा भात-भाजी-भाकरी, फळं, पातळ वरण. आणि उसळ, पनीर, मासे, अंडी रात्री. आणि हेसुद्धा ज्यांना दुपारच्या जेवणानंतर खरोखर अडचण येते त्यांनीच करावं. पहिल्या दोन-तीन वर्षांत बहुतेकांना याची गरज पडत नाही.

सुरुवातीला मळमळ होत असेल तर रिकाम्या पोटाचा आग्रह सोडावा. गोळीबरोबर दोन मारी बिस्किटं, मूठभर चुरमुरे किंवा भाकरीचा कोरडा तुकडा खावा. काही आठवड्यांत मळमळ जाते, मग हा आधार काढून घ्यावा. लोहाच्या गोळ्या लेव्होडोपाला धरून ठेवतात, म्हणून त्या दोन तास लांब. आणि बी-१२ वर्षातून एकदा तपासावं, शाकाहारी माणसानं तर नक्कीच. जास्त मात्रेच्या लेव्होडोपावर ते उतरतं आणि पायांची बधिरता, तोल जाणं हे सगळं पार्किन्सन्सच्या खात्यावर मांडलं जातं.

बद्धकोष्ठ हा विषय बोलायला लोक लाजतात, म्हणून मीच जोर देऊन बोलतो. हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी तो सुरू झालेला असू शकतो, जसा वास येणं कमी होतं, जसं झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं सुरू होतं. पुढं तोच औषधाच्या वाटेत उभा राहतो. पोट मंद चाललं की गोळी जठरातच पडून राहते आणि जिथून शोषली जायची त्या आतड्यापर्यंत वेळेवर पोहोचतच नाही. ‘गोळीचा उपयोग होत नाही’ म्हणून मात्रा वाढवण्याआधी शेवटचं पोट साफ कधी झालं होतं ते विचारावं. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, पपई, भिजवलेलं अंजीर, मनुका, पालेभाजी. इसबगोल घ्यायचं तर एका वेळी दोन पेले पाण्याबरोबर. कमी पाण्यात ते आतच घट्ट गोळा होऊन अडचण वाढवतं. एवढ्यानं भागलं नाही तर पॉलीइथिलीन ग्लायकोलची पूड, १७ ग्रॅम एका पेल्यात, रोज. तिची सवय लागेल ही भीती मनातून काढून टाकावी.

पाच-सात वर्षांनी घरात दोन शब्द येतात, ‘ऑन’ आणि ‘ऑफ’: औषध लागू असतानाचा मोकळा वेळ आणि ते उतरल्यावरचा जखडलेला. त्यांच्यासाठी एक वही करावी. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन आखायचे आणि प्रत्येकात एकच खूण करायची: मोकळा, जखडलेला, वळवळ किंवा झोप. गोळीची वेळ लाल शाईनं आणि जेवणाची निळ्यानं. डॉक्टरकडे जायच्या आधी सलग तीन दिवसांची वही पुरते, महिनाभराची कुणी वाचत नाही. दहा मिनिटांच्या भेटीत ‘बरं नाही वाटत’ या वाक्यातून काहीच कळत नाही. वहीतून कळतं की दर वेळी पुढच्या गोळीआधी तास-पाऊण तास जखडायला होतं, म्हणजे गोळ्यांतलं अंतर कमी करायला हवं. की गोळीनंतर तासाभरानं, औषध रक्तात सगळ्यात जास्त असताना, अंग नागमोडी वळवळतं, म्हणजे एका वेळची मात्रा जास्त होते आहे. दोन्ही त्रासांत घरच्यांना बाहेरून ‘हातपाय नीट चालत नाहीत’ एवढंच दिसतं, आणि उपाय मात्र उलट्या दिशांचे असतात. थरथर आणि वळवळ यांतला फरक घरातल्या निदान एका माणसाला ओळखता यायला हवा. थरथर एकाच तालात होते आणि हात स्वस्थ मांडीवर असताना दिसते. वळवळीला ताल नसतो, ती मान, खांदे, कंबर यांतून वाहते. बऱ्याच जणांना तिचा त्रास घरच्यांपेक्षा कमी वाटतो. जखडून बसण्यापेक्षा थोडं वळवळत चालणं बरं असं रुग्ण म्हणत असेल, तर त्याचं ऐकावं.

मग औषधांची जोड सुरू होते. एन्टाकॅपोन २०० मिलिग्रॅम, लेव्होडोपाच्या प्रत्येक गोळीबरोबर, तिचा परिणाम लांबवायला; लघवी नारिंगी होते, घाबरू नये; जुलाब मात्र चिकटून राहिले तर थांबवावं लागतं. मेंदूतलं डोपामिन टिकवणारं रासाजिलिन, दिवसातून एकदा. वळवळीसाठी अमँटाडिन, पायांवर जांभळी जाळी आणि घोट्यांना सूज येऊ शकते. पॅसिटेन थरथरीला लागू पडतं खरं, पण सत्तरीच्या माणसाला ते देणं मला मुळीच पटत नाही: विस्मरण, लघवी अडणं, कोरडं तोंड, वाढलेलं बद्धकोष्ठ, आणि ही सगळी लक्षणं म्हातारपणाच्या नावावर खपतात.

डोपामिनसारखं काम करणाऱ्या प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांच्याबद्दल जास्त सांगायला हवं, कारण त्यांचा वाईट परिणाम शरीरावर दिसत नाही. काही जणांत या गोळ्या मनाचा लगाम सैल करतात. आयुष्यभर काटकसरीनं राहिलेला माणूस मोबाइलवर रमी खेळून पैसे घालवतो, लॉटरीची तिकिटं घेतो, रात्री उठून डबे रिकामे करतो, नको तितकी खरेदी करतो, शरीरसंबंधाचा हट्ट धरतो. तो हे लपवतो, घरचे लाजेनं गप्प बसतात, आणि एका चांगल्या माणसाची अब्रू औषधापायी जाते. पहिली चिठ्ठी लिहिताना ही गोष्ट रुग्णाला आणि जोडीदाराला दोघांनाही तोंडावर सांगायलाच हवी, आणि दर भेटीत थेट विचारायला हवी. मात्रा उतरवली की बहुतेकांचं हे ओसरतं. ती उतरवायची मात्र हळूहळू आणि डॉक्टरांच्या सांगण्यानं.

पार्किन्सन्सच्या औषधांइतकंच महत्त्व दुसऱ्या कारणांसाठी दिलेल्या औषधांना आहे. आपल्याकडे चक्कर आली की स्टेमेटिल, उलटी झाली की पेरिनॉर्म, पित्त झालं की लेव्होसल्पिराइड मिसळलेली कॅप्सूल, डोकं दुखलं किंवा गरगरलं की फ्लुनारिझिन किंवा सिनारिझिन. ही सगळी डोपामिनची वाट अडवतात. पार्किन्सन्स असलेल्याला ती दिली तर माणूस अंथरुणाला खिळू शकतो. आणि पार्किन्सन्स नसलेल्याला महिनोन्महिने दिली तर हुबेहूब पार्किन्सन्स दिसू लागतो: मंद चाल, ताठलेले हात, निर्विकार चेहरा. ते औषध बंद केलं की बहुतेकांचं ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतं. पित्ताची कॅप्सूल वर्षभर दुकानातून आणून खाणाऱ्या माणसाला थरथर सुरू झाली तर न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ती पट्टी सोबत न्यायलाच हवी. मळमळीवर पार्किन्सन्सच्या रुग्णाला चालतं ते डॉम्पेरिडोन, तेही हृदयाचा त्रास नाही याची खात्री करून आणि थोडेच दिवस. ओन्डान्सेट्रॉनही चालतं. टाळायच्या औषधांची यादी फार मोठी नाही, पण ती फ्रिजवर चिकटवलेली हवी, कारण उलटी रात्री दोन वाजता होते आणि तेव्हा जवळचा डॉक्टर जे हाताशी असेल ते इंजेक्शन देतो.

जुन्या रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. वीस वर्षं दोन गोळ्यांवर असलेल्या माणसाचा रक्तदाब पार्किन्सन्समध्ये आपोआप खाली येऊ शकतो, विशेषतः उभं राहिल्यावर, आणि लेव्होडोपा तो आणखी उतरवतं. बसवून घेतलेला रक्तदाब १३० आला म्हणून सगळे निर्धास्त असतात. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजावा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर डॉक्टरांना सांगून रक्तदाबाच्या गोळ्या कमी कराव्या लागतात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी दोन पेले पाणी भराभर प्यायलं तर काही मिनिटांत आधार मिळतो. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू अर्धा फूट उचलावी. भरपेट जेवणानंतर लगेच उठू नये. मान आणि खांदे दुखतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढं धुकं येतं, बसलं की बरं वाटतं, ही तक्रार मणक्याची नसून याची असू शकते.

चालता चालता पाय जमिनीला चिकटतात तेव्हा सगळे हात धरून ओढतात. ओढलं की धड पुढं जातं, पाय मागं राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. दाराचा उंबरा, अरुंद बोळ, वळण आणि घाई, ही पाय चिकटण्याची ठरलेली ठिकाणं. तिथे आधी थांबायचं. अंगाचा भार डावी-उजवीकडे हलवायचा, एक पाय मोकळा करायचा आणि ‘एक’ म्हणत मोठं पाऊल टाकायचं. आपोआप चालणारी चाल बंद पडलेली असते, पण ठरवून, बघून किंवा तालावर टाकलेलं पाऊल मेंदू दुसऱ्या वाटेनं टाकू शकतो. म्हणून न्हाणीच्या दारापुढं जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवायच्या, माणसाच्या एका पावलाच्या अंतरानं, आणि प्रत्येक पट्टी ओलांडायची. किंवा तोंडानं ठेका धरायचा. ज्यांना भजनाची सवय आहे त्यांना टाळाच्या ठेक्यावर चालून पाहायला सांगावं. ज्याला दहा पावलं जमत नव्हती तो ओसरीच्या टोकापर्यंत जातो तेव्हा बघणाऱ्याला गहिवरून येतं. पुण्यात हृषीकेश पवार यांच्या नृत्यवर्गात पार्किन्सन्सची माणसं नाचतात, त्यामागंही तालाचं हेच बळ आहे. वळताना जागच्या जागी फिरायचं नाही, अर्धवर्तुळ घेऊन वळायचं. चालताना बोलायचं नाही, हातात चहाचा कप धरायचा नाही. बिनपट्ट्याच्या स्लिपर घरातून काढून टाकायच्या.

व्यायाम अंग मोकळं असताना करायचा. आठवड्याला दीडशे मिनिटं, दम लागेल इतक्या वेगानं; हळूहळू शतपावली केली तर ती या आजारात पुरत नाही. आवाज बारीक होतो तो स्वतःला कळत नाही, आपण ओरडतोय असंच वाटतं. त्यासाठी रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्र किंवा हरिपाठ पुढच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचावा. अक्षरही बारीक होत जातं आणि बँकेत सही जुळेनाशी होते. ती पार बिघडायच्या आधीच बँकेत नवी सही नोंदवावी, संयुक्त खातं करावं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्स आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सवलतींची वाट खुली होते, पण हे माहीत नसल्यानं फार थोडे लोक तो अर्ज करतात.

गिळण्याकडे लक्ष द्यायची वेळ जेवताना खोकला यायला लागला की येते. पाणी आणि घन एकत्र असलेले पदार्थ सगळ्यात अवघड: दूध-पोहे, पातळ रश्शातली उसळ, चहात बुडवलेलं बिस्किट. पातळ भाग आधी घशात उतरतो, घन मागं राहतो आणि दोघांचा मेळ बसत नाही. एकजीव आणि दाटसर पदार्थ सोपे, जसं गुरगुट्या भात, नाचणीची आंबील, घोटलेलं वरण, कुस्करलेला केळ्याचा गर. ताठ बसून, हनुवटी किंचित छातीकडे, एक घास पूर्ण गिळल्यावर दुसरा. आणि जेवणाची वेळ गोळी लागू पडल्यावरची. जखडलेल्या घशानं जेवू नये.

रात्रीचं दुखणं वेगळंच असतं. कुशीवर वळता येत नाही. जाड गोधडी आणि खरखरीत चादर माणसाला धरून ठेवतात. कमरेखाली येईल असा सॅटिनचा गुळगुळीत पट्टा अंथरला तर वळणं सोपं जातं; पलंगाच्या कडेला मात्र तो येऊ देऊ नये, नाहीतर उठताना घसरायला होतं. भास होऊ लागले, खोलीत मुलं दिसू लागली, तर आधी लघवीतला संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं आणि बद्धकोष्ठ तपासावं. मग डॉक्टर औषधं कमी करतात, बहुतेक पॅसिटेन आधी, मग अमँटाडिन, मग प्रामिपेक्सोलसारखी, आणि लेव्होडोपा सगळ्यात शेवटी. तरी गरज पडली तर क्विटियापिन अगदी लहान मात्रेत. भासांवर एरवी दिली जाणारी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधं या माणसाला नकोत, तीही डोपामिनची वाट अडवतात.

एक गोष्ट औषधात मोडत नाही तरी सांगतो. चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत म्हणून माणूस रागावलेला, कंटाळलेला, तुटक वाटतो. नातू बोलायला येतो आणि आजोबा हसत नाहीत म्हणून निघून जातो. आजोबा आतून हसलेले असतात. घरात प्रत्येकाला, लहान मुलांनाही, हे समजावून सांगायला हवं, आणि उत्तरासाठी दहा सेकंद थांबायला शिकवायला हवं. त्यांच्या वाटचं वाक्य बायकोनं किंवा सुनेनं पूर्ण करू नये. मात्र खरीच उदासी असते तीही ओळखावी. ती आजाराचा भाग आहे आणि तिच्यावर औषध आहे. सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातला निदान एक अर्धा दिवस पूर्ण सुट्टी मिळाली पाहिजे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांसारखे गट आहेत; तिथे रुग्ण जितके जातात तितकेच त्यांचे जोडीदारही जायला हवेत.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो माणूस दुसऱ्याच कारणानं रुग्णालयात भरती झाल्यावर. मोतीबिंदू, खुब्याचं हाड, न्यूमोनिया. वॉर्डात औषधं वाटण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आठ, दोन आणि आठ; आणि ‘तोंडानं काही नाही’ असं लिहिलं की पार्किन्सन्सची गोळीही थांबते. ही गोळी एकदम थांबवली तर अंग दगडासारखं ताठतं, ताप चढतो, शुद्ध हरपू लागते, आणि ते जीवावर बेतू शकतं. म्हणून भरती होतानाच घरच्या गोळ्या मूळ पट्टीसह सोबत न्याव्यात आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाशी लावावं: औषधाचं पूर्ण नाव, त्यात साधं की सीआर, प्रत्येक मात्रा आणि तिची घड्याळातली वेळ, शेवटची गोळी किती वाजता दिली, स्टेमेटिल, पेरिनॉर्म, हॅलोपेरिडॉल नको. शस्त्रक्रियेच्या सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर देता येईल का हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच विचारावं. बहुतेक वेळा ‘हो’ म्हणतात. गिळता येत नसेल तर साधी गोळी कुटून नाकातल्या नळीतून जाते. रासाजिलिन किंवा त्याच जातीचं सेलेजिलिन चालू असेल तर तेही त्याच कागदावर लिहावं, कारण त्यांच्याबरोबर पेथिडिन आणि ट्रामाडॉल ही वेदनेची औषधं देत नाहीत, आणि घरी आल्यावर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषधही चालत नाही. बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत ते नाव शोधून मगच झाकण उघडावं.